जुनें द्राक्षमद्य आणि आमचा चिकू

फ्रान्सांतील बोर्दो प्रांताच्या निवडक तांबड्या द्राक्षमद्यांची १८५५ सालीं ठरलेली प्रतवारी किरकोळ फेरफार सोडतां अद्यापि चालू आहे. तेथील उत्तम मद्य कोवळेपणीं चाखणारास तुरट लागतें. कच्चा चिकू चावला असतां तोंड आखडतें, तोच हा गुण. द्राक्षाच्या सालींतून व बियांतून उतरलेला हा तुरटपणा आणि सोबतचा आंबटपणा यांच्या बळावर तें वीस-तीस वर्षें टिकतें. तुरटपणा मऊ होतो, रंग विटकरी होतो. म्हणून जाणता पारखी आजची गोडी पाहात नाहीं, पुढें काय उरेल तें पाहतो.

पालघर जिल्ह्यांत बोर्डीस चिकूचेंही मद्य निघालें आहे. त्यास बोर्दोची सर नाहीं म्हणून नाक मुरडणें आम्हांस मान्य नाहीं. पिकल्या चिकूंत तुरटपणा व आंबटपणा बेताचेच. तें ताजेंच प्यावयाचें. आमची चिंता निराळी आहे. पिकला चिकू फार दिवस थांबत नाहीं, आणि वाडीवाल्यास दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो. मद्य करणारांनींही डागी मालच मातीमोलानें उचलला, तर पालघर, बोईसर, तारापूरकडील बागाइतदारास काय लाभलें? फळाचा भाव प्रतवारीनें आणि हंगामापूर्वीं लेखी ठरावा, एवढें आमचें मागणें आहे.