करपल्याचा वास आणि क्लचची भाषा

कशेडी घाटात बोगदा होण्यापूर्वीची गोष्ट. भाचीच्या निकाहासाठी आम्ही खेडला निघालो होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत तांदळाचे कट्टे आणि भांड्यांची खोकी. पोलादपूर सोडून चढण लागली आणि मागच्या सीटवरून अम्मी म्हणाल्या, "काहीतरी करपतंय रे."

मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील, अम्मी."

पुढच्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतंच ओरडलं. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने चालली. ट्रक केव्हाच पुढे निघून गेला होता. करपत होती ती आमच्याच गाडीची क्लचप्लेट. मुलांना आणि अम्मींना रस्त्याच्या कडेला उतरवून तासभर गाडी थंड होऊ दिली, तेव्हा कुठे ती रडतखडत वर चढली. खेडच्या मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुलावर चढताना गाडी कधीपासून दमत होती?" दोन महिन्यांपासून, हे मला मान खाली घालून सांगावं लागलं.

गाडी बंद पडण्याआधी क्लच बरेच दिवस इशारे देत असतो. ते ओळखता आले तर घाटातली फजिती टळते आणि गॅरेजमधला नको तो खर्चही वाचतो.

क्लचचं काम साधं आहे. इंजिनाचं फ्लायव्हील सतत फिरत असतं. प्रेशर प्लेट क्लचप्लेटला त्यावर घट्ट दाबून धरते, म्हणून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला मिळतो. आपण पेडल दाबलं की ही पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. म्हणजे बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे: पकड नीट बसत नाही, किंवा नीट सुटत नाही.

पकड बसत नसेल तर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. हे चढणीवर आणि वरच्या गिअरमध्ये आधी जाणवतं. पेडल अगदी वर आल्यावरच गाडी हलू लागते. पुढे करपल्याचा वास येतो. खात्री करायची तर सपाट जागी, पुढे मागे कोणी नसताना हँडब्रेक पक्का ओढा. तिसरा गिअर टाका, किंचित अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच गचका खाऊन बंद पडलं तर पकड ठीक आहे. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं आणि गाडी जागची हलली नाही, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

पकड सुटत नसेल तर गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते. इंजिन बंद करून पाहा. तेव्हा सगळे गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर अडत असतील, तर संशय क्लचवर. इथे घाई करू नका. माझ्या मावसभावाला एका गॅरेजने पूर्ण क्लच बदलायला सांगितलं होतं. दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींनी पाहिलं तर केबल ताणली गेली होती. केबल बदलली, काम झालं.

केबलऐवजी ऑइलवर चालणारा क्लच असेल आणि पेडल मऊ पडलं किंवा खालीच राहिलं, तर ऑइल गळतंय का किंवा पाइपात हवा शिरली आहे का ते बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत क्लचला आणि ब्रेकला ऑइल एकाच डबीतून जातं. डबीतली पातळी उतरलेली दिसली तर गाडी तशीच दामटू नका, प्रश्न ब्रेकचाही असू शकतो.

आवाजही बरंच सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग गेलं आहे. उलट, पेडल दाबल्यावर घरघर थांबत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग तपासून घ्या.

क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी त्याचीच जास्त असते. म्हणून तो एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदललेलं परवडतं. फ्लायव्हीलही पाहून घ्यावं. जुने भाग मात्र परत मागा. त्यात मिस्त्रीवर अविश्वास नाही, आपल्यालाच झीज डोळ्यांनी पाहायला मिळते.

माझी प्लेट हातात घेतली तेव्हा ती काळीठिक्कर पडली होती. मिस्त्री म्हणाले, "भाईजान, डावा पाय पेडलवर ठेवूनच गाडी चालवता ना?" खरं होतं. सिग्नलला अर्धा क्लच दाबून उभं राहायचं, चढावर हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलायची, या सवयी माझ्याच. त्या सोडल्या.

आता गाडीत बसल्यावर अम्मी कुठलाही वास आला असं म्हणाल्या, की मी आधी गाडी कडेला घेतो. मग ट्रककडे बघतो.