प्रभूचे मुख आणि नवी चित्रकला



‘आधुनिक चित्रकला’ हे शब्द कानी पडले की भाविक माणसाच्या कपाळास आठी पडते. वाकडे चेहरे, काळ्या जाड रेषा, ओळखू न येणाऱ्या आकृती. यांचा आणि देवघराचा काय संबंध, असा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी पॅरिसमध्ये जन्मलेल्या या कलेची थोडी हकीकत आपण ऐकावी.

जॉर्ज रूओ यांचा जन्म 1871 मध्ये पॅरिस येथे झाला. चौदाव्या वर्षी ते चर्चच्या खिडक्यांची रंगीत काच घडविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिले. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या पट्ट्या पुढे त्यांच्या चित्रांत जाड रेषा होऊन उतरल्या. रूओ निष्ठावान कॅथलिक होते. त्यांनी विदूषक, पतित स्त्रिया आणि निष्ठुर न्यायाधीश रंगविले व त्याच कुंचल्याने प्रभूचे जखमी मुखही रंगविले. ज्यांच्या कादंबऱ्यांवर त्यांचे प्रेम होते ते कॅथलिक लेखक लेओं ब्लॉय यांसदेखील ही चित्रे कुरूपच वाटली. रूओ यांनी मार्ग सोडला नाही. 1948 मध्ये त्यांची ‘मिझेरेरे’ ही 58 ठशांची मालिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांनी आपली अपुरी राहिलेली 315 चित्रे स्वहस्ते अग्नीच्या स्वाधीन केली. जे पूर्ण व खरे नाही ते आपल्या नावाने जगात राहू नये, अशी त्यांची सचोटी होती.

दुसरी हकीकत फ्रान्समधील आसी येथील. या डोंगरपठारावर क्षयरोग्यांची आरोग्यधामे होती. तेथील नव्या चर्चसाठी डॉमिनिकन संघाचे फादर कुत्युरिए यांच्या प्रेरणेने त्या काळच्या मोठ्या कलावंतांना पाचारण करण्यात आले. 1950 साली चर्चचे समर्पण झाले. वेदीवर जर्मेन रिशिए या शिल्पकर्तीने घडविलेला कांस्याचा क्रूसित ख्रिस्त होता. त्याचे अंग झिजलेल्या लाकडासारखे होते व चेहरा जवळजवळ नव्हताच. मोठा गदारोळ झाला, आणि 1951 मध्ये स्थानिक बिशपांच्या आज्ञेने तो क्रूस हलविण्यात आला. पुढे वर्षांनी तो वेदीवर परत आला. यशया संदेष्ट्याच्या 53 व्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक तरी देखणा कोठे आहे? त्यास पाहून लोक तोंड फिरवितात, असेच तेथे वर्णिले आहे.

या वादानंतर पवित्र सभेने काय ठरविले, हेही आपणांस ठाऊक असावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनाविधीविषयीचा आदेश प्रसिद्ध केला. कोणतीही एकच कलाशैली ही ख्रिस्तसभेची स्वतःची शैली नाही. प्रत्येक वंशाच्या व प्रदेशाच्या कलेस, आजच्या कलेसही, आदराने सेवा करण्याची मोकळीक असावी, असा त्याचा आशय आहे. जे श्रद्धेस व सद्भावनेस बाधक असेल ते देवालयापासून दूर ठेवण्याची जबाबदारी त्याच आदेशाने बिशपांवर सोपविली आहे.

या फ्रेंच कलेचा ओघ आपल्या देशासही पोहोचला. 1947 मध्ये मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. त्यातील सय्यद हैदर रझा 1950 साली पॅरिसला गेले व सेझानच्या चित्रांतून रचनेची शिस्त शिकले. फ्रान्सिस न्यूटन सूझा तर आमच्याच महाधर्मप्रांतातील गोव्याच्या साळगावचे सुपुत्र. त्यांचे 1959 मधील ‘क्रूसारोहण’ आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील काळा, काटेरी ख्रिस्त पाहताना रूओ यांच्या रेषेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सूझा यांनी ख्रिस्तसभेवर कठोर टीका केली व त्यांची पुष्कळ चित्रे वेदीजवळ नेण्याजोगी नाहीत. तथापि बालपणी पाहिलेला क्रूस त्यांस सोडून गेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याहून आम्हांस जवळची गोष्ट वारली बांधवांची आहे. 1907 च्या सुमारास पिकासोने पॅरिसच्या संग्रहालयात आफ्रिकेतील मुखवटे पाहिले व तो थक्क झाला. ज्यांना युरोप ‘रानटी’ म्हणत असे त्यांच्या हातीही थोर कला आहे, हे पुढे जगास हळूहळू पटले. त्याच पॅरिसमध्ये 1989 साली भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगातील नामवंतांच्या शेजारी लागली. 2011 मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते निवर्तले. गेरूची भिंत, तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी एवढेच त्यांचे मूळ साहित्य होते. आमच्या सिल्वासाच्या परिसरातील पाड्यांवर हेच साहित्य घरोघरी आहे.

आता आमच्या एका पाड्यावरील तरुणांनी तेथील प्रार्थनामंदिरात क्रूसाची वाट वारली पद्धतीने काढण्याची अनुज्ञा मागितली आहे. काही ज्येष्ठांस वाटते की, दोन त्रिकोणांचा मानव क्रूसावर दाखविणे ही प्रभूची थट्टा होईल. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. ज्या चित्रापुढे त्यांच्या मातापित्यांनी गुडघे टेकले ते त्यांस प्रिय असणारच. परंतु त्या चित्रातील गोरा, सोनेरी केसांचा ख्रिस्तही कोणा एका देशाच्या कलावंताने आपल्या माणसांकडे पाहूनच काढला होता. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी ओवीस परकी मानले नाही. मग आमच्या बांधवाने आपल्या हातची रेषा मंदिराच्या दाराबाहेर का ठेवावी?

मात्र विवेक हवा. वारली लग्नातील चौक ही केवळ नक्षी नव्हे. त्यात पालघाट देवीची स्थापना असते, आणि तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा असतो. दुसऱ्यांचे पूजाचिन्ह शोभेसाठी उचलून वेदीजवळ आणणे त्यांचाही अनादर होय व आपल्या श्रद्धेतही घोटाळा होय. म्हणून चौक घेऊ नये. माणसे, झाडे, वाट, ओझे वाहणारे खांदे घ्यावेत. चौदा स्थाने प्रथम कापडावर काढावीत, ज्येष्ठांनी ती पाहावीत, आणि मगच भिंतीस हात लावावा, असे आम्ही सुचविले आहे.

ती चित्रे पाहावयास येणाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. चित्र सुंदर की कुरूप, हे लगेच बोलू नये. प्रत्येक स्थानापुढे एक ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणण्याइतका वेळ उभे राहावे. प्रार्थना ओठांवर आली तर चित्राने आपले काम केले असे समजावे. न आल्यास तसे आम्हांस निःसंकोच सांगावे.