जकातीच्या भरपाईचा हिशेब

मुंबई कर भरते आणि बाकीचा मुलूख बसून खातो, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. आकडेही वरवर त्यांच्याच बाजूचे दिसतात. साऱ्या देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रातून गोळा होते आणि तीत मुंबईचा वाटा फार मोठा. पण वाचक हो, कर जेथे भरला तेथेच तो पिकला असे मानणे म्हणजे धान्य कणगीत उगवते म्हणण्यासारखे आहे. कारखाना कोठेही असो, कंपनीची मुख्य कचेरी मुंबईत असली की तिचा प्राप्तिकर मुंबईच्या खाती पडतो. मालेगावचा विणकर रात्रंदिवस माग चालवितो. त्याचे कोरे कापड रंगाईला परगावी जाते, आणि नफा मोजला जातो तिसऱ्याच गावी.

जकातीचेही तेच. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तोपर्यंत मुंबईच्या नाक्यांवर जकात घेत. 2016-17 साली ती सुमारे 7000 कोटी रुपये झाली. जकात बाहेरून आत येणाऱ्या मालावरच असते, हे मात्र हिशेब सांगताना कोणी बोलत नाही.

जकात गेली तेव्हा महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा राज्याने केला. 2016-17 चे उत्पन्न हा पाया, त्यावर दरसाल चक्रवाढीने 8 टक्के. दर सर्वांना एकच, तेव्हा तक्रार कसली? जरा पाटी घ्या. दोन शहरे, वस्ती सारखीच. एकाचा पाया 100 रुपये, दुसऱ्याचा 10. आठ टक्क्यांनी 9 वर्षांत रक्कम दुप्पट होते. म्हणजे 200 आणि 20. अंतर 90 होते, ते 180 झाले! आमच्या शाळेतल्या पोरांनीही हे फळ्यावर करून दाखविले असते. मुंबईच्या सचिवालयात ते कोणाला सुचले नसेल असे आम्हांस वाटत नाही.

कोणी म्हणेल, हा शहरांचा तंटा, आम्हां खेडुतांस त्याचे काय? आमचा माल विकतो जवळच्या शहरात, दुखणेकरी नेतो तेथेच, पोरे शिकतात तेथेच. शिवाय खताच्या पोत्यावर 5 टक्के कर आपणही भरतो. व्यापाऱ्याला खरेदीवरचा कर वळता करून मिळतो, शेतकऱ्याला मिळत नाही. तरी आपण फुकटे!

भरपाई जुन्या गल्ल्याकडे पाहून नव्हे, तर माणशी गरज पाहून ठरावी. मते मागायला आमदार दारी येतील तेव्हा एवढेच विचारा: आपल्या शहराला माणशी किती रुपये मिळतात, आणि मुंबईला किती?