आधी मालक शोधा

व्हर्च्युअल मेमरीची सेटिंग बदलली, मशीन रीस्टार्ट केले आणि जुना आकडा पुन्हा जागेवर आला. सिस्टीम सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही तक्रार कधी ना कधी येते. मग आपण तोच आकडा पुन्हा भरतो. दुसऱ्यांदाही तो टिकला नाही की ‘विंडोज खराब झाले आहे’ असा शेरा पडतो आणि चांगले चाललेले मशीन फॉरमॅटला जाते. ही पद्धत थांबली पाहिजे. सेटिंग टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. त्या सेटिंगवर आपल्याखेरीज आणखी कोणाचा तरी ताबा असतो. तो कोणाचा, हे कळल्याशिवाय आकड्याला पुन्हा हात लावू नये, एवढेच या महिन्याचे सांगणे आहे.

मेमरीच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या आपल्या सनीव्हेलला नवा नाही. जीन अॅमडाल यांनी आयबीएम सोडून १९७० मध्ये याच गावात आपली कंपनी काढली. आयबीएमचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे चालवील असे मेनफ्रेम त्यांना बनवायचे होते. आराखडा आकाराला येत असतानाच, ऑगस्ट १९७२ मध्ये, आयबीएमने सिस्टीम/३७० साठी व्हर्च्युअल मेमरी जाहीर केली. यापुढचे सॉफ्टवेअर ती गृहीत धरणार हे उघड होते. अॅमडाल यांना ४७०/६ चा आराखडा बदलावा लागला आणि यंत्राचे नाव झाले ४७०व्ही/६. त्यातला ‘व्ही’ व्हर्च्युअलचा. पहिले यंत्र १९७५ मध्ये न्यूयॉर्कला नासाच्या गोडार्ड इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. हार्डवेअर अॅमडाल यांचे, पण मेमरीची वाटणी कशी व्हायची हे ठरवणार ऑपरेटिंग सिस्टीम. ते ओळखून आराखडा बदलला, म्हणून ते यंत्र चालले.

आता आपल्या टेबलावरच्या विंडोजकडे येऊ. बदल हरवण्याच्या जागा तीनच आहेत. पहिली, बदल नोंदलाच गेला नाही. दुसरी, नोंदला गेला, पण बूट होताना अमलात आला नाही. तिसरी, अमलात आला आणि नंतर कोणीतरी तो पुसला. यांपैकी कोणती, हे ओळखायला एक रीस्टार्ट आणि रजिस्ट्रीवर दोनदा नजर टाकणे पुरते. सेशन मॅनेजरच्या खाली ‘मेमरी मॅनेजमेंट’ नावाची की आहे. तिच्यातील ‘पेजिंगफाइल्स’मध्ये आपण मागितलेले असते, ‘एक्झिस्टिंगपेजफाइल्स’मध्ये प्रत्यक्षात कोणती फाइल बनली ते दिसते. रीस्टार्टच्या आधी आणि नंतर दोन्ही लिहून घ्या.

मागितलेला आकडा रीस्टार्टच्या आधीच ‘पेजिंगफाइल्स’मध्ये नसेल, तर चूक डायलॉगमध्ये आहे. आकडे भरून थेट ओके दाबले आणि मधले ‘सेट’ बटण राहिले, तर विंडोज काहीही न बोलता बदल सोडून देते. सर्व ड्राइव्हची पेजफाइल आपोआप सांभाळण्याची खूण तशीच राहिली असेल, तर आकडा भरण्याची चौकटही उघडत नाही.

आकडा नोंदलेला आहे, पण फाइल वेगळीच बनली आहे किंवा बनलीच नाही, तर बूटकडे पाहा. पेजफाइल तयार करण्याचे काम सेशन मॅनेजर करतो, तेही सिस्टीम या खात्याच्या नावाने. सुरक्षा कडक करण्याच्या भरात कोणी ड्राइव्हच्या मुळावरून या खात्याचे अधिकार काढले असतील, तर फाइल बनत नाही. ड्राइव्हवर जागा नसेल, किंवा ज्या ड्राइव्हवर फाइल मागितली तो बूटच्या वेळी हजर नसेल, तरी परिणाम तोच. मग विंडोज तात्पुरती पेजफाइल बनवते आणि तसा संदेश देते. तो संदेश वाचायचा असतो. घाईने बंद करायचा नसतो. मुळावरचा सिस्टीमचा पूर्ण अधिकार परत दिला की वर्षानुवर्षांची तक्रार एका रीस्टार्टमध्ये मिटते.

तिसरी जागा सर्वांत जास्त वेळ खाते, कारण तिथे दुसरा मालक खरोखरच हजर असतो. शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर रीस्टार्टला डिस्क पूर्वस्थितीत नेते. ते त्याचे नेमून दिलेले काम आहे. ऑफिसमध्ये डोमेनची ग्रुप पॉलिसी असते. ती साधारण दर दीड तासाने, त्यात अर्ध्या तासापर्यंतची भर घालून, पुन्हा लागू होते. पपेट वापरात असेल तर त्याचा एजंट मूळ सेटिंगनुसार दर तीस मिनिटांनी सगळे तपासतो आणि हाताने केलेला बदल ‘भरकटलेला’ समजून मागे फिरवतो. कोण लिहिते आहे हे कळत नसेल, तर त्या कीवर ऑडिट लावा. ४६५७ क्रमांकाची घटना प्रक्रियेचे नाव सांगते. बूटच्या वेळचाच संशय असेल तर प्रोसेस मॉनिटरमध्ये बूटची नोंद घेण्याची सोय आहे.

कधी कधी मालक स्वतः विंडोजच असते. आकार सिस्टीमवर सोपवलेला असताना मशीन कोसळले आणि कर्नलचा डंप मावण्याइतकी पेजफाइल नसली, तर विंडोज ती किमान रॅमएवढी वाढवते, चार आठवडे तशीच ठेवते आणि मग पुन्हा लहान करते. ही कथा ठाऊक नसलेल्याला आकडा आपोआप वाढला आणि आपोआप उतरला एवढेच दिसते. रजिस्ट्रीच्या ‘क्रॅशकंट्रोल’मधील शेवटच्या क्रॅशची वेळ पाहिली की कोडे सुटते. अशा वेळी आकडा खाली खेचणे म्हणजे पुढच्या क्रॅशचा पुरावा आपणच नष्ट करणे. मालक सापडला की त्याने तो आकडा का धरून ठेवला आहे हेही विचारले पाहिजे. पुष्कळदा त्याचे बरोबर असते.

लिनक्सवाल्यांनी हे दुसऱ्याचे दुखणे समजू नये. सिससीटीएलने स्वॅपीनेस ६० वरून १० केला तर तो चालू कर्नलपुरता. कायम हवा असेल तर नेमलेल्या फोल्डरमध्ये फाइल लिहावी लागते, आणि तिथे फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. नंतरची फाइल आधीचीवर मात करते. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसचेही तसेच: चालू मशीनवर बंद केले तरी बूटच्या ओळीत लिहिल्याशिवाय ते टिकत नाही. कुबरनेटीज चालवणाऱ्यांना सर्वांत महाग पडतो तो स्वॅप. ‘स्वॅपऑफ’ची आज्ञा दिली, क्लस्टर उभा राहिला, पुढे कर्नलच्या अपडेटसाठी रीस्टार्ट झाला, एफएसटॅबमधील ओळीने स्वॅप परत आणला आणि मूळ सेटिंगवर असलेल्या क्यूबलेटने सुरू व्हायला नकार दिला. ती ओळ काढली तरी जीपीटी डिस्कवर स्वॅप म्हणून आखलेले पार्टिशन सिस्टीमडी स्वतःहून सुरू करू शकते. ते युनिट मास्क करावे लागते किंवा पार्टिशनचा प्रकार बदलावा लागतो.

या सगळ्याला आपल्या कामाच्या रचनेचीही जोड आहे. सनीव्हेल, सांता क्लारा, सॅन होजे आणि तिकडे पुण्यात हिंजवडी, खराडी अशा दोन टोकांवर एकच सर्व्हर सांभाळणारे आपले अनेक वाचक आहेत. दोन्हीकडच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा तासांचे आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर. इकडच्याने रात्री ऑन-कॉलवर असताना स्वॅपचा आकडा हाताने बदलायचा, तिकडच्याने दिवसा कॉन्फिगरेशनच्या रेपॉझिटरीतून जुनाच आकडा पाठवायचा, आणि दोघांनीही आपापले तिकीट बंद करायचे, असे घडू शकते. यात दोघेही कामात चोख असतात. चूक असते ती ताब्याची नोंद नसण्यात. या आकड्याचा मालक पुण्याची रेपॉझिटरी आहे की सनीव्हेलचा ऑन-कॉल, हे कुठेतरी एका ओळीत लिहिलेले हवे, आणि शिफ्ट सोपवताना ती ओळ वाचली गेली पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी आजपासून अंगवळणी पाडाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तातडीने हाताने बदल केलाच, तर त्याच दिवशी तो खऱ्या मालकाच्या जागीही नोंदवा: पॉलिसीत, रेपॉझिटरीत किंवा बूटच्या ओळीत. बदललेल्या आकड्याशेजारी कारण लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी येणारा सहकारी तो विचारपूर्वक ठेवील किंवा विचारपूर्वक काढील. आणि व्हर्च्युअल मेमरीचे तिकीट बदल केल्यावर बंद करू नका. एक रीस्टार्ट होऊ द्या, पॉलिसीची एक फेरी जाऊ द्या, मागितलेले आणि मिळालेले दोन्ही आकडे पुन्हा पाहा. ते जुळले, तरच तिकीट बंद करा. आपल्या हातून सुटलेल्या मशीनवर कोणाचा तरी पगार, कोणाची परीक्षा, कोणाचा दवाखाना चालत असतो. त्यांच्यासाठी ही एवढी वाट पाहणे आपले कर्तव्य आहे.