दंतवैद्याचें भय

मनुष्याच्या मनांत वास करणाऱ्या भयांची गणना करूं लागलें तर यादी फार लांबेल. सापाचें भय, अंधाराचें भय, परीक्षेचें भय, हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु एक भय असें आहे कीं, त्याची घरोघर थट्टा होते, विचार मात्र होत नाहीं. तें म्हणजे दंतवैद्याचें भय. क्रीडांगणावर गुडघा फुटला तरी डोळ्यांतून टिपूस न काढणारा विद्यार्थी दंतवैद्याच्या खुर्चीचें नांव निघतांच पांढराफटक पडतो. आणि त्याला भित्रा म्हणून हंसणारे वडील स्वतःची ठणकणारी दाढ लवंगेच्या तेलावर महिनेच्या महिने ढकलीत असतात! या भयाचें मूळ कोठें आहे, त्यापासून हानि कोणती होते व तें जिंकण्याचा मार्ग कोणता, याचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हें भय म्हणजे नीचपणा किंवा नेभळटपणा नव्हे. एके काळीं तें सर्वथा योग्य होतें. युरोपांत कित्येक शतकें दांत उपटण्याचें काम न्हावी करीत, आणि जत्रेच्या गर्दीपुढें तो प्रकार तमाशासारखा चाले. आपल्याकडेही रस्त्याच्या कडेला चिमटा घेऊन बसणारा मनुष्य पुष्कळांच्या आजोबांनीं पाहिला असेल. सन २४९ मध्यें अलेक्झांड्रिया शहरीं ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हां अपोलोनिया नांवाच्या एका वृद्ध कुमारिकेच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दांत पाडण्यांत आले व तिला अग्नींत मरण आलें. पुढें दांतदुखीनें पीडलेले लोक तिला आपली कैवारी मानूं लागले व ९ फेब्रुवारी हा तिचा स्मरणदिन ठरला. ज्या एका दुखण्यासाठीं लोकांना स्वतंत्र संताचा आश्रय शोधावा लागला, तें दुखणें किती दारुण असेल हें सांगावयास नको.

परंतु त्या काळानंतर जगांत काय घडलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील हॉरेस वेल्स नांवाच्या दंतवैद्यानें ११ डिसेंबर १८४४ रोजीं नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून आपल्याच व्यवसायांतील एका मित्राकडून स्वतःची दाढ काढविली, आणि वेदना झाल्या नाहींत असें अनुभवानें दाखविलें. त्याचा पूर्वीचा भागीदार विल्यम मॉर्टन, हाही दंतवैद्यच. त्यानें १८४६ सालीं ईथरची भूल देऊन एकाचा दांत काढला. आणि त्याच वर्षीं १६ ऑक्टोबर रोजीं बोस्टन येथील रुग्णालयांत त्यानें दिलेल्या भुलीखालीं शस्त्रक्रिया झाली. तात्पर्य, आज जगांतील प्रत्येक शस्त्रक्रियागृहांत रोग्याला भूल मिळते, तिचा पाया घालण्यांत दंतवैद्यांचा मोठा वांटा आहे. ज्या व्यवसायाला आपण वेदनेचें दुसरें नांव समजतों, त्यानेंच मनुष्यजातीला वेदनेपासून सोडविण्याचा मार्ग दाखविला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें १८८४ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल कॉलर यानें कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, आणि सर्व देह निजविण्याऐवजीं दुखणारा भाग तेवढा बधिर करण्याची युक्ति हातीं आली. कोकेनचे दोष टाळणारें नोव्होकेन विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालें; १९४३ सालीं स्वीडनमध्यें नील्स लोफग्रेन यानें लिडोकेन तयार केलें, तें दंतवैद्य अद्यापि वापरतात. दांत कोरण्याचें यंत्र १८७१ च्या सुमारास पायानें चालवीत. १९५७ नंतर हवेच्या झोतानें फिरणारें यंत्र प्रचारांत आलें. तें मिनिटाला कित्येक लक्ष फेरे घेतें, त्यामुळें काम लवकर आटोपतें, व पाण्याच्या तुषारांमुळें दांत तापत नाहीं. त्याचा कर्कश आवाज मात्र राहिला आहे, आणि पुष्कळ मुलें वेदनेला नव्हे तर त्या आवाजालाच भितात.

मग साधनें इतकीं सुधारलीं असतां भय कां उरलें? आमच्या मतें याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण आपल्या घरांतच आहे. कोणतेंही मूल दंतवैद्याला भीतच जन्माला येत नाहीं. "जेवला नाहींस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचवीन," हें वाक्य आपल्याकडे किती सहज बोललें जातें! ज्या मनुष्याचा वर्षभर बागुलबुवा केला, त्याच्यापुढें एके दिवशीं तोंड उघडून निमूट बसावें, अशी अपेक्षा करणें हा त्या मुलावर अन्याय आहे. शिवाय वडील माणसें आपल्या दाढेची कथा तिखटमीठ लावून सांगतात. मूल कोपऱ्यांत बसून तें सर्व ऐकत असतें.

दुसरें कारण म्हणजे त्या खुर्चींत वाटणारी पराधीनता. रोगी उताणा पडलेला, तोंड उघडें, बोलण्याची सोय नाहीं, आणि आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं. अशा स्थितींत शूर मनुष्यही अस्वस्थ होतो. भ्यालेल्या मनाला वेदनाही अधिक जाणवते, हा अनुभव सर्वांचा आहे.

तिसरें व सर्वांत महत्त्वाचें कारण म्हणजे विलंब. दांताचें बाहेरचें कवच शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ आहे. परंतु त्यांत मज्जातंतु नाहींत. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात व तें आम्ल कवचाला झिजवितें. या वेळीं कांहींच दुखत नाहीं. कीड आंतल्या मऊ भागांतून अगदीं गाभ्यापर्यंत पोहोंचली म्हणजे जो ठणका सुरू होतो, तेव्हां आपल्याला दंतवैद्याची आठवण होते. आरंभीं गेलों असतों तर थोडेसें कोरून भरण्यावर भागलें असतें. आतां दाढ काढावी लागते किंवा तिच्या मुळांतील नस काढून उपचार करावे लागतात. त्यांतही भर अशी कीं, सुजलेल्या व पू झालेल्या जागीं बधिर करणारें औषध तितकेंसें लागू पडत नाहीं. म्हणजे भयामुळें विलंब, विलंबामुळें मोठा उपचार, मोठ्या उपचारानें अधिक वेदना, आणि त्या वेदनेमुळें पूर्वीपेक्षां मोठें भय, असा हा फेरा आहे. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

आतां उपायांकडे वळूं. भय हें शिकविलें जातें तसें तें घालवितांही येतें. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें सशाला भिणाऱ्या सुमारें तीन वर्षांच्या एका मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मूल आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतील ससा प्रथम लांब ठेवीत, आणि मुलाला सोसेल तसा तो हळूहळू जवळ आणीत. शेवटीं तेंच मूल सशाला हातांनीं कुरवाळूं लागलें. दंतवैद्याच्या बाबतींतही हाच मार्ग खरा. पहिल्या भेटींत केवळ खोली पाहावी, खुर्चींत बसावें, आरशानें दांत दाखवावे व घरीं यावें. दुसऱ्या भेटींत दांत स्वच्छ करून घ्यावे. उपचाराची पाळी आली तर ती त्यानंतर यावी. मुलांच्या दंतवैद्यांत १९५९ पासून एक सोपा नियम रूढ झाला आहे: आधीं सांगावें, मग दाखवावें, मग करावें. जें समजलें त्याचें भय निम्मे होतें.

पराधीनतेवरही साधा तोडगा आहे. उपचारापूर्वींच दंतवैद्याशीं ठरवून घ्यावें कीं, डावा हात वर केला तर थांबावें. हात वर करण्याचा प्रसंग बहुधा येतच नाहीं. परंतु आपल्या हातीं कांहीं आहे, एवढ्यानेंच मनाला धीर येतो. नाकानें सावकाश श्वास घ्यावा व तो त्याहून सावकाश सोडावा. आणखी एक गोष्ट जाणून असावी. बधिर केलेल्या जागीं दुखणें थांबतें, परंतु दाबल्याची व ओढल्याची जाणीव राहते. पुष्कळ मुलें ती जाणीवच वेदना समजून ओरडतात. घरीं आल्यावर तो बधिरपणा जाईपर्यंत कांहीं चावून खाऊं नये. नाहीं तर ओठ किंवा गाल चावला जातो व दोष मात्र दंतवैद्याला लागतो.

पालकांस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं मुलांशीं खोटें बोलूं नये. "मुळींच दुखणार नाहीं" असें सांगून नेलें आणि सुई टोंचली, तर मुलाचा विश्वास दंतवैद्यावरून उडतो, तसा आईबापांवरूनही उडतो. त्यापेक्षां "क्षणभर टोंचेल, मग ती जागा झोंपी जाईल," असें खरें सांगावें. "रडूं नकोस, बायकी आहेस काय," असलें बोलणें तर सर्वथा टाकावें. त्यानें भय कमी होत नाहीं, तें लपविण्याची कला मात्र साधते.

दुधाचे दांत पडणारच, मग त्यांवर पैसा कशाला, असा एक प्रश्न नेहमीं विचारला जातो. परंतु दुधाचा दांत पुढच्या दांतासाठीं जागा राखून ठेवतो. तो अवेळीं गेला तर मागून येणारे दांत वेडेवांकडे येतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दांतांमागें एक दाढ येते, तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं. आईबाप तिला दुधाचीच समजतात, आणि जन्मभर पुरावयाची ती दाढ दहाव्या वर्षीं किडून जाते.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तो खरा आहे. खासगी उपचार सर्वांना परवडत नाहींत हें आम्ही जाणतों. परंतु मुंबई, नागपूर वगैरे ठिकाणीं दंतमहाविद्यालयांचीं सरकारी रुग्णालयें आहेत, व तेथें अल्प खर्चांत काम होतें. त्याहूनही स्वस्त म्हणजे लवकर जाणें. कारण भरलेल्या दांताचा खर्च नस काढण्याच्या खर्चाच्या मानानें थोडाच असतो. वडील माणसांनींही आपला दांत दाखवावा, विशेषतः ज्या घरांत मिसरी लावण्याची किंवा तंबाखूची संवय आहे तेथें. तंबाखूपासून होणारा तोंडाचा कर्करोग आरंभीं न दुखणाऱ्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याच्या रूपानें येऊं शकतो. तो चट्टा वेळीं दिसला तर प्राण वांचतो. आणि तो दिसण्यासाठीं कोणापुढें तरी तोंड उघडावें लागतें. दंतवैद्याला भिऊन घरीं बसणारा मनुष्य केवळ दांतच गमावतो असें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमचें सांगणें थोडकें आहे. रात्रभर दाढ ठणकलेल्या मुलाला सकाळीं गणित कसें सुचावें? फ्लोराइडयुक्त मंजनानें दिवसांतून दोनदां, त्यांत एकदां निजण्यापूर्वीं, दांत घासा. गोड खावयाचें तर जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळीत बसूं नका. आणि दांत दुखत नाहीं, त्याच वेळीं वर्षांतून एकदां तरी तो दाखवून या. धैर्य म्हणजे भय न वाटणें नव्हे. भय वाटत असतांही योग्य दिशेला पाऊल टाकणें, यालाच धैर्य म्हणतात. घरांत धाकटें भावंड असेल तर त्यालाही बरोबर न्या, आणि तुम्ही खुर्चींतून हंसत उतरतांना त्याला पाहूं द्या. आपल्या घरांत हें भय वडिलांकडून मुलांकडे चालत आलें असेल, तर तें तुमच्यापाशीं थांबावें, एवढीच आमची इच्छा आहे.