ओठाला लावायचं मलम

ओठाला लावायच्या मलमामुळे कुणाचं ऑलिम्पिक हुकलं असं सांगितलं, तर आपण म्हणू, काहीतरीच काय! पण नॉर्वेच्या टेरेसे योहाउगच्या बाबतीत अगदी हेच झालं. तिला झालेली शिक्षा योग्य होती की अन्याय, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मी 'योग्य होती' म्हणणाऱ्यांपैकी. पण तसं म्हणताना मलाही पुरतं बरं वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी ओळख. स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते गुलमर्गच्या उतारावरून सुसाट खाली येणं. क्रॉस-कंट्री स्कीइंग वेगळं. यात चढही स्वतःच्याच दमावर चढायचा. हात, पाय, छाती, सगळं पणाला लावून दहा, पंधरा, तीस किलोमीटर बर्फ तुडवायचा. शर्यत संपवून माणसं अक्षरशः आडवी होतात. आपल्याकडे क्रिकेटचं जे स्थान, ते नॉर्वेत या खेळाचं.

योहाउगचा जन्म १९८८ चा. चणीने लहानखुरी, पण चढावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. २०१० मध्ये व्हँकुव्हरला रिलेचं सुवर्ण मिळालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ऑस्लोत, घरच्या लोकांसमोर, ३० किलोमीटरमध्ये ती जगज्जेती झाली. मागे राहिली होती तिच्याच संघातली मारिट ब्योर्गेन, जिची ऑलिम्पिक पदकं पुढे पंधरावर गेली! २०१४ ला सोचीत योहाउगला एक रौप्य आणि एक कांस्य मिळालं. म्हणजे सगळं होतं, फक्त स्वतःच्या एकटीच्या नावावर ऑलिम्पिक सुवर्ण तेवढं नव्हतं. त्यासाठी २०१८ ची वाट पाहणं चालू होतं.

आणि २०१६ मध्ये इटलीतल्या लिविन्योला सराव शिबिर असताना उन्हाने तिचे ओठ भाजले. संघाच्या डॉक्टरांनी तिथल्याच औषधाच्या दुकानातून एक मलम आणून दिलं, ट्रोफोडर्मिन नावाचं. हे चालेल ना, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालेल. त्यात क्लॉस्टेबोल होतं, म्हणजे बंदी असलेलं स्टेरॉइड. सप्टेंबरमधल्या चाचणीत ते सापडलं. ऑक्टोबरमध्ये पत्रकारांसमोर ती ढसाढसा रडली. डॉक्टरांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि राजीनामा दिला.

आता खरी मेख. त्या मलमाच्या खोक्यावरच डोपिंगबद्दलची ठळक सूचना छापलेली होती! घटकांच्या यादीत क्लॉस्टेबोलचं नावही होतं. तिने खोकं वाचलं नाही.

नॉर्वेत तिला तेरा महिन्यांची बंदी झाली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला ती कमी वाटली आणि ते क्रीडा लवादाकडे गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये लवादाने बंदी अठरा महिन्यांची केली. ती संपणार एप्रिल २०१८ मध्ये. ऑलिम्पिक होतं फेब्रुवारीत. झालं! दोन महिन्यांनी चार वर्षं गेली.

तिच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. तिने फसवायला हे केलं असं लवादानेही म्हटलेलं नाही. तज्ज्ञाला विचारलं, त्याच्यावर विश्वास ठेवला. आपण दुसरं काय करतो? "डॉक्टरांनी दिलंय ना, मग झालं" हे वाक्य आपल्या घराघरांत रोज ऐकू येतं. औषधासोबतचा तो घडीचा कागद उलगडून वाचणारा माणूस आपल्या नात्यात एखादाच, आणि त्याला आपण चक्रम म्हणतो.

मग तरीही शिक्षा योग्य कशी?

माझं म्हणणं असं की इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. ती लबाड होती का? नाही. ती जबाबदार होती का? हो. आपल्याला सवय आहे ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की दुसरा सोडूनच द्यायची. हेतू चांगला होता ना, मग जाऊ द्या! पण "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून" एवढ्यावर सुटका व्हायला लागली, तर उद्या मुद्दाम घेणारा प्रत्येक जण एक डॉक्टर पुढे उभा करेल. आणि असा डॉक्टर परवडतो कुणाला? नॉर्वेसारख्या श्रीमंत संघाला. जिच्याकडे ना डॉक्टर ना वकील, अशा एखाद्या गरीब देशातल्या मुलीने हेच मलम दुकानातून स्वतः विकत घेतलं असतं, तर तिच्या रडण्यावर जगाने इतका चटकन विश्वास ठेवला असता? मला शंका आहे. नियम दोघींना सारखाच हवा.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती सांगायलाच हवी. महिने सारखे असले तरी शिक्षा सारखी नसते. जिथे दरवर्षी मोठ्या स्पर्धा होतात तिथे अठरा महिने म्हणजे अठरा महिने. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या ऑलिम्पिकच्या आसपास तेच अठरा महिने पडले, तर खेळाडूचं अर्धं आयुष्य जातं. न्याय पंचांगावर अवलंबून असावा का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असेल. ती परत आली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णं, २०२१ मध्ये चार. आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, तेहतिसाव्या वर्षी, एकटीच्या नावावर तीन सुवर्णं. त्यातलं १० किलोमीटरचं तर अवघ्या ०.४ सेकंदाने! मग निवृत्ती, मुलगी झाली, आणि २०२५ मध्ये ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत ती पुन्हा बर्फावर. तिथे बायकांची शर्यत पहिल्यांदाच पुरुषांइतकी, ५० किलोमीटरची होती. तिला रौप्य मिळालं.

बीजिंगने तिचा डाग पुसला, असं लोक म्हणतात. मला हे पटत नाही. २०१८ काही परत मिळालं नाही, आणि न वाचलेलं खोकं आजही न वाचलेलंच आहे. पण शिक्षा भोगून, सराव न सोडता, ती त्याच रांगेत परत उभी राहिली, यासाठी तिला माझा सलाम. शिक्षा कमी झाली असती तर तिच्याकडे आणखी एखादं पदक असतं कदाचित. पण त्या पदकाकडे बोट दाखवणारेही असतेच. बीजिंगच्या तीन पदकांकडे तसं कुणाला बोट दाखवता येणार नाही, कारण तिचा हिशेब आधीच चुकता झाला होता.

असो. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही लवादावर असता तर तेरा म्हणाला असता की अठरा? जरूर लिहा. आणि हो, ओठ फुटले तर आपलं साजूक तूप आहेच!