हत्यारांचा डबा : उभ्या गाडीचा कार्बोरेटर

पोळ्याच्या आठवड्यात मोहगावात घरोघरी पोरं येतात. नागपूरहून, पुण्याहून, इंदूरहून. कोठ्यात बैल आता मोजक्याच घरी राहिले, पण कोपऱ्यात आजोबांची नाहीतर बाबांची गाडी मात्र उभी असते. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये वेगळा झाला तरी त्या जुन्या पाटीवर एमपी २८, म्हणजे छिंदवाडाच. कोणीतरी हौसेनं किक मारतं. दहाव्या किकेला गाडी एकदा फुरफुरते आणि गप्प होते. मग संध्याकाळी चहावर ठरतं, भंगारात देऊन टाकू.

देऊ नका, निदान एक दिवस थांबा. प्लगला ठिणगी येते आहे आणि कॉक उघडल्यावर नळीतून पेट्रोल येतं आहे, एवढं आधी पाहा. दोन्ही ठीक असेल, तर बहुतेक वेळा कार्बोरेटरमधलं केसाएवढं एक भोक बुजलेलं असतं.

हे काम आता आपल्यालाच यायला हवं, कारण गावातला कार्बोरेटरचा जाणकार दिवसेंदिवस दुर्मीळ होतो आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. नव्या पोराच्या हातात स्कॅनर असतो. जेट हातात दिला तर तो तारेनं कोरतो, आणि तिथंच सगळं बिघडतं.

कोणती गाडी, ते आधी बघा. आपल्याकडे साधारण दोन सापडतात. १९९४ नंतरची स्प्लेंडर, नाहीतर १९८५ ते १९९६ मध्ये निघालेली आरएक्स १००. दोन्हींचा कार्बोरेटर सरकत्या पिस्टनचा, म्हणजे शिकायला सोपा. स्वयंपाकघरात बसू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते, आणि पुढच्या खोलीत देव्हाऱ्यात समई तेवत असते. अंगणात, सावलीत, एक परात घेऊन बसा. छोट्या वस्तू परातीबाहेर गेल्या की गेल्या.

बाउलचे स्क्रू फुलीचे दिसतात, पण जपानी मापाचे असतात. साधा पेचकस त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं गोल करतो. बरोब्बर बसणारा पेचकस घ्या आणि दाबून फिरवा. बाउल उघडला की तळाशी काय आहे ते पुसण्याआधी बघा. तपकिरी चिकट थर असेल तर ते उडून गेलेल्या पेट्रोलचं उरलेलं राळ. पांढरी भुकटी असेल तर पाणी साचलं होतं आणि धातूला लागलं.

हे पाणी येतं कुठून? २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. जेटचं तोंड नेमकं तिथंच असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने उभी राहिलेली गाडी म्हणजे यासाठी अगदी योग्य भांडं.

मुख्य काम जेटचं. दोन पितळी जेट असतात. लहान तो पायलट, मोठा तो मेन. अंगावर आकडा कोरलेला असतो, तो कागदावर टिपा. उजेडासमोर धरून आरपार पाहा. स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. कार्बोरेटर क्लिनरचा फवारा मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग पंक्चरच्या दुकानातल्या हवेनं फुंका, डोळ्यांवर चष्मा लावून. तरी बुजलेलाच असेल तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते, ती पितळेपेक्षा मऊ असते. सुई, पिन, गिटारची तार नाही. भोक एकदा वाढलं की आकडा खोटा झाला. फ्लोट, ओ-रिंग आणि रबराचं जे काही असेल ते फवाऱ्याआधी बाजूला काढा. फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे.

एक इशारा खास आपल्या घरांसाठी. पितळ उजळायला चिंच लावतात म्हणून अख्खा कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. त्याचं अंग जस्त-ॲल्युमिनियमच्या जातीच्या धातूचं असतं आणि आंबट त्याला खातं. संत्र्याचं बरोबर उलटं. आपल्या सौसर-पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या सालीतलं तेल, लिमोनिन, ग्रीस विरघळवतं आणि बाजारातल्या काही क्लिनरमध्ये तेच असतं. म्हणून साल पिळत बसू नका, पण ऐकायला गंमत आहे.

कडेला दोन स्क्रू असतात. एक रेसचा, दुसरा बारीक हवेचा. हवेचा काढण्याआधी हळूच आत फिरवत किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजा आणि लिहा. टेकल्यावर दाबू नका, टोक मोडतं. जोडताना तेवढेच फेरे बाहेर. ही एक सवय लागली की जोडलेली गाडी चालू व्हायला फार झगडावं लागत नाही.

चालू झाल्यावर ती बोलते, ऐका. थांबून उभी राहत नसेल तर पायलट अजून बुजलेला. मध्यावर अडखळते तर पिस्टनमधली सुई आणि तिची क्लिप. पूर्ण रेसवर दम सोडते तर मेन जेट. पण जेट बदलण्याआधी इंजिनाकडच्या जोडावर हवा शिरते का ते तपासा. पॅकिंग फाटलेलं असलं तर सगळी लक्षणं फसवी.

आता जीवावरची गोष्ट. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुना कार्बोरेटर पहिल्या हिशेबानं बेतलेला, त्यामुळे नव्या पेट्रोलवर गाडी कोरडी चालते. इंजेक्शनवाली गाडी बऱ्याच अंशी स्वतःहून सावरते, कार्बोरेटरला ते कळत नाही. स्प्लेंडरचं तेवढ्यानं फारसं बिघडत नाही, तापते आणि ओढ कमी होते. आरएक्सचं वेगळं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण कोरडं झालं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. सौसर-नागपूर रस्त्यावर ऐंशीच्या वेगात मागचं चाक असं जाम झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. जोडल्यावर गावातच दहा-बारा किलोमीटर फिरवा, प्लग काढून पाहा. चहासारखा तपकिरी रंग चांगला. पांढराफटक असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाते, आणि पुन्हा फिरवून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर जेटचा आकडा वाढवावा लागेल. तोवर हायवे नको. पायलट मात्र आधीच मोठा घालू नका. थांबून व्यवस्थित उभी राहणारी गाडी उगीच काळा धूर ओकायला लागते.

मला विचाराल तर हौस म्हणून आरएक्सला हात लावू नका. पहिला कार्बोरेटर स्प्लेंडरचाच उघडा, आणि तो दोनदा उघडून-जोडून झाल्यावर आरएक्सकडे वळा.

परत शहरात निघण्याआधी एक काम आहे. कॉक बंद करा, बाउलच्या तळाचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल डब्यात काढा, स्क्रू परत बसवा. डबा झाकण लावून उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवा. घरी राहणाऱ्या काकांना किंवा काकूंना सांगा, आठ-पंधरा दिवसांनी एकदा कॉक उघडून गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, मग कॉक बंद करून ती आपोआप थांबेपर्यंत तशीच चालू द्यायची. दिवाळीला याल तेव्हा दोन-तीन किकांत लागायला हवी.